ओम्नीचा टायमिंग बेल्ट: मानेवाड्याच्या अंगणातल्या नोंदी

१ जून २०२४, शनिवार

धाकट्या भावाची ओम्नी व्हॅन शाळेची लेकरं ने-आण करते. विदर्भातल्या शाळा उन्हापायी बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता उघडतात. तोवर गाडी नागपुरात मानेवाड्याच्या घरी, कडुनिंबाखाली उभी. टायमिंग बेल्ट बदलायचा तर हीच सवड.

गाडी त्यानं जुनी घेतली. विकणारा म्हणाला होता, "बेल्ट नवाच टाकला आहे." पावती नाही, कव्हरवर किलोमीटरची चिठ्ठी नाही. त्यानंतर गाडी भरपूर पळाली. बऱ्याच कंपन्या या बेल्टाला ६० हजार ते १ लाख किलोमीटर किंवा ठरावीक वर्षं, जे आधी येईल ती मुदत देतात. आतून काचतंतूंच्या दोऱ्या असल्या तरी वरचं रबरच, आणि रबर उभ्या गाडीतही कडक होत जातं. नेहमीचा मेकॅनिक म्हणतो, "तुटल्यावर पाहू." तुटेल तेव्हा गाडीत दुसऱ्यांची लेकरं बसलेली असतील, ही गोष्ट त्याच्या हिशेबात नाही.

बेल्ट काय करतो ते धाकट्याला कागदावर काढून दाखवलं. खाली क्रँक (पिस्टनच्या चालीनं फिरणारा दांडा), वर कॅम (हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), दोघांना दातेरी चाकं आणि त्यांना बांधणारा दातेरी पट्टा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर कॅम मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. ही उघडमीट पिस्टनच्या चालीशी जुळलेली राहावी, एवढंच त्या पट्ट्याचं काम. तो तुटला की गाडी जिथल्या तिथे उभी. काही इंजिनांत तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून हेडच उतरवावं लागतं.

इंजिन साधं आहे, हे आमच्या बाजूचं. मारुती व्हॅन १९८४ मध्ये आली, १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले, २०१९ मध्ये ती बनायची थांबली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, वर एकच कॅम. पार्ट आजही मिळतात.

घरात आहेत ते पाने: रिंग पान्यांचा सेट, गोटी पान्यांची पेटी, पेचकस, पक्कड, जॅक, बाबांचा जुना हातोडा. नाहीत ते: फ्लायव्हील धरायचं कुलूप, कॅम धरायचा पाना, पुलर, बोल्ट किती जोरानं आवळला ते दाखवणारा टॉर्क रेंच, बेल्टचा ताण मोजायचं यंत्र. बाबा मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. मी कॉलेजात फिजिक्सची लॅब सांभाळते. धाकटा चालवतो. तिघांत मिळून एक मेकॅनिक होतो का ते पाहायचं.

२ जून, रविवार

नवतप्याचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या तापत्या नऊ दिवसांचा, शेवटचा दिवस. पहाटे पाचला सुरुवात, नऊला बंद, असा नियम केला. नऊनंतर पाना उन्हात राहिला तर हातात धरवत नाही.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटांखाली. सीटा काढल्या की वरून हात जातो, हा या गाडीचा मोठा उपकार. बेल्ट इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, त्यामुळे काही काम वरून आणि काही खाली निजून. खाली जायचं तर नुसत्या जॅकवर नाही: चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके आणि जॅकच्या बाजूला सागाचे ठोकळे. ठोकळे लावून झाल्यावर बाबांनी गाडीला खांद्यानं चार धक्के दिले, आणि मगच धाकट्याला खाली जाऊ दिलं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग डायनामो ढिला करून फॅन बेल्ट उतरवला. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. निघालेले बोल्ट कूलरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात खोचले. पुठ्ठ्यावर इंजिनाच्या तोंडाचं चित्र काढलं आहे, ज्या जागचा बोल्ट त्या जागी टोचलेला. ही बाबांची पद्धत. टायमिंग कव्हरचे बोल्ट दिसायला सारखे असले तरी लांबीला सारखे असतीलच असं नाही.

क्रँकच्या पुलीचे बोल्ट सोडायला क्रँक धरून ठेवावा लागतो, नाहीतर पान्यासोबत इंजिनच फिरतं. कुलूप नाही, म्हणून चाकं जमिनीवर, हँडब्रेक पूर्ण ओढलेला आणि गाडी टॉपच्या गिअरमध्ये. धाकटा म्हणे, "पहिला टाक न ताई, पहिल्यात जोर जास्त." जोर जास्त, म्हणूनच पहिला नको. पहिल्या गिअरमध्ये क्रँकचा पीळ चाकांपर्यंत कितीतरी पटींनी वाढून पोहोचतो, म्हणजे ब्रेकला तेवढं जास्त धरावं लागतं. टॉपमध्ये वाढ सर्वांत कमी, ब्रेक सुटत नाही. ओम्नीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना, त्यामुळे ही युक्ती तिच्यात सरळ लागू पडते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आणि हँडब्रेक मागे असणाऱ्या गाडीत ती चालणार नाही. तिथे दुसऱ्यानं पायातला ब्रेक दाबून बसायला हवं.

बोल्ट गंजलेले. रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. पान्याला पाइप लावून सावकाश ओढलं. करकर आवाज आला आणि सुटले. पुली निघाली.

३ जून, सोमवार

ड्युटीआधी दोन तास.

कव्हर काढलं. बेल्ट तुटायला आलेला दिसत नाही, पण पाठ चकाकते आहे, वाकवला की बारीक भेगा उघडतात, आणि एका कडेला तेलाचा ओलावा. तेल कुठून, ते पुढे पाहू. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग हातानं फिरवलं तर खरखरतं. तेही बदलायचं.

तिन्ही प्लग काढले, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा कोंडत नाही आणि इंजिन हातानं फिरतं. भोकांत स्वच्छ कपड्याचे बोळे. गिअर न्यूट्रल. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, समोरून पाहताना. उलटं नाही फिरवायचं, आणि कॅमच्या बोल्टवरून तर कधीच नाही.

मॅन्युअलच्या झेरॉक्सप्रमाणे क्रँकच्या दातेरी चाकावरचा ठिपका ऑइल पंपाच्या अंगावरच्या खुणेसमोर यायला हवा आणि त्याच वेळी कॅमच्या चाकावरची खूण आतल्या कव्हरच्या खुणेसमोर. खालचा ठिपका आणला बरोब्बर समोर. वर पाहिलं तर कॅमची खूण कव्हरच्या खुणेआधीच थांबलेली. अर्ध्या दाताचा फरक असता तर बेल्ट सैलावला म्हटलं असतं. हा पुरता एक दात आहे.

धाकटा: "अशीच तं पळून राहिली न गाडी इतके दिवस. कावून डोकं लावून राहिली?"

बाबा काही बोलले नाहीत. टॉर्च घेऊन खाली वाकले, वर पाहिलं, पुन्हा खाली. मग म्हणाले, "आज हात नोको लावू. उद्या ताज्या डोळ्यानं पाहू."

४ जून, मंगळवार

लोकसभेची मतमोजणी. धाकटा टीव्हीसमोरून उठला नाही, बाबा त्याच्या बाजूला. काम नाही.

५ जून, बुधवार

खूण खरंच चुकली आहे की आम्ही चुकीचं पाहतो आहोत, हे आधी ठरवायचं होतं.

लॅबमध्ये पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो ते इथेही लागू: काटा तिरक्या नजरेनं पाहिला तर आकडा सरकतो. ओम्नीत कॅमचं चाक सीटच्या भोकातून तिरपंच दिसतं. म्हणून दाढीचा छोटा आरसा तारेला बांधून चाकाच्या समोर धरला आणि नजर, खूण, कव्हरची खूण एका रेषेत आणून पाहिलं. शिवाय कॅमच्या चाकावर एकापेक्षा जास्त खुणा असू शकतात, कारण एकच चाक कधी कधी दोन प्रकारच्या इंजिनांना वापरतात. चित्राशी ताडून योग्य ती खूण व्हाइटनरनं रंगवली. मग क्रँकचे सावकाश दोन पूर्ण फेरे, पुन्हा ठिपका समोर, पुन्हा आरसा. परत दोन फेरे. दर वेळी तेच: खाली बरोबर, वर एक दात मागे.

गेल्या आठवड्यात नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवलं आणि गल्लीगल्लीत त्याचीच चर्चा. नंतर हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. त्याच दिवशी शहरातलं दुसरं केंद्र ४४ च्या आसपास होतं. एका काट्यावर विश्वास का ठेवायचा नाही, हे पोरांना सांगायला पुढच्या वर्षी मला उदाहरण मिळालं.

आता यातली खरी गोम. विशेष पाने नसणाऱ्यांसाठी सगळीकडे एकच युक्ती सांगतात: जुना बेल्ट काढण्याआधी बेल्टवर आणि दोन्ही चाकांवर व्हाइटनरची रेघ ओढा, दोन रेघांमधले दात मोजा, तेवढेच दात मोजून नव्या बेल्टवर रेघा करा आणि रेघेला रेघ लावून बसवा. युक्ती सुरेख आहे. कॅम धरायचं कुलूप लागत नाही, कंपनीच्या खुणा शोधाव्या लागत नाहीत. पण ती फक्त नक्कल करते. जुना बसवणाऱ्यानं एक दात चुकवला असेल तर तुम्ही तोच दात नव्या बेल्टवर प्रामाणिकपणे चुकवता, आणि पुढची काही वर्षं तो तसाच राहतो. आमचं नेमकं तेच झालं असतं. रेघा ओढायच्याच, पण त्याआधी कारखान्याच्या खुणा जुळताहेत का ते पाहायचं. रेघा नंतर.

दात आपोआप उडाला असेल का? टेन्शनरची कमानी ताणून आहे, बेल्टचा एकही दात सोललेला नाही. उडी मारलेल्या बेल्टावर सहसा खुणा राहतात. बहुधा गेल्या वेळी बसवतानाच चुकलं असावं. कोणी बसवला ते माहीत नाही आणि शोधायचंही नाही.

आणि धाकट्याच्या "पळून राहिली न" ला उत्तर. क्रँकच्या चाकाला विसेक दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे साधारण १८ अंश. कॅम तेवढा मागे राहिला की आत घेणारा व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. वेगात असताना हवा जोरात आत येत असते, तेव्हा फारसं बिघडत नाही. पण कमी वेगात पिस्टन वर येऊ लागलेला असतो आणि व्हॉल्व्ह अजून उघडाच, म्हणजे आत आलेलं मिश्रण थोडं परत बाहेर ढकललं जातं. सिग्नलवरून उठताना गाडी भरलेली असेल तर दम नाही. हे सांगितल्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, "मले वाटे लेकरं वाढून राहिली." लेकरं वर्षागणिक खरंच वाढतात, त्यामुळे संशय आला नसावा.

६ जून, गुरुवार

घाट रोडवरून सामान. बेल्ट, टेन्शनर, क्रँक आणि कॅमची ऑइल सील (दांड्याभोवतून तेल गळू न देणारी कडी), फॅन बेल्टही. जुना टायमिंग बेल्ट अजून गाडीवरच आहे, म्हणून त्याच्या पाठीवरचा नंबर लिहून नेला होता. दुकानदारानं नंबर न पाहताच डबा काढला: "ओम्नीचा हाच." नंबर ताडला, रुंदी मोजली, दातांचा आकार पाहिला. काही बेल्टांचे दात गोल, काहींचे चौकोनी. डब्यावर गाडीचं नाव बरोबर असून आतला बेल्ट दुसरा निघाल्याच्या गोष्टी बाबांनी ऐकवल्या आहेत. दात दुकानाच्या काउंटरवरच मोजले. पहिला दात पेनानं रंगवून सुरुवात केली, नाहीतर कुठून सुरू केलं तेच विसरतं. मागची गिऱ्हाइकं कंटाळली.

बेल्ट हातात आल्यावर तो उलटा करून पाहायचा नाही, मुडपून खिशात कोंबायचा नाही. आतल्या दोऱ्या काचेच्या तंतूंच्या, घडी पडली की तुटतात आणि बाहेरून कळत नाही.

लोहा ओळीतून गंज सोडवायचं तेल आणि पीव्हीसी पाइपचा एक तुकडा.

८ जून, शनिवार

आज सील. जुना बेल्ट काढण्याआधी दोन्ही खुणांचा आरशातून फोटो, आणि "वर एक दात मागे" असं पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. टेन्शनर ढिला केला, कमानी उतरवली, बेल्ट सरकवून काढला. आता क्रँक आणि कॅम दोन्ही मोकळे, कशालाच विनाकारण हात लावायचा नाही.

तेल कॅमच्या सीलमधून. सील बदलायची तर कॅमचं चाक काढावं लागतं, आणि चाक धरायला तो खास पाना नाही. इथे बाबांनी जे केलं ते मला फार आवडलं. जुना बेल्ट कापून सरळ पट्टा केला. एका टोकाला सागाची फळी, तिला पट्ट्याचं टोक दोन बोल्टांनी आवळलं. पट्ट्याचे दात कॅमच्या चाकाच्या दातांत बसवून वेढा दिला आणि दुसरं टोक फळीशी पकडीत दाबून धरलं. फळी धाकट्याच्या हातात, पाना बाबांच्या. चाक जराही सरकलं नाही. ज्या बेल्टनं काम बिघडवलं तोच आता पाना झाला. दुकानात असा पाना मिळतो, पण याचे दात चाकाच्या दातांत जसे बसतात तसे त्याचे बसणार नाहीत असं बाबांचं मत.

पेचकसानं टोकून सील काढू नये. शाफ्टवर ओरखडा पडला की नवी सीलही गळते. सीलच्या पत्र्यात बारीक स्क्रू अर्धवट पिळला आणि स्क्रू पक्कडीनं ओढला. नवीच्या ओठाला इंजिन ऑइलचं बोट फिरवलं आणि पीव्हीसीच्या तुकड्यानं सगळीकडून सारखी, हलके ठोकत जुन्याच्या पातळीपर्यंत बसवली. खालच्या सीलचंही तसंच. मग सगळी जागा कोरड्या कपड्यानं पुसली. नव्या बेल्टला तेल लागू द्यायचं नाही.

वॉटर पंप फिरवून, हलवून पाहिला. खेळ नाही, गळती नाही, राहू दिला. दोन मतं होती. बाबांचं म्हणणं, चालतं ते उघडू नये. माझं मत उलटं होतं, पण पंप नव्यासारखा फिरतो आहे.

९ जून, रविवार

चार वाजता उठलो. आईनं आधी पोहे केले, तर्रीशिवाय. तर्री कामानंतर, हात चिकट नकोत म्हणे.

आधी काटा. टॉर्क रेंच नाही, पण मॅन्युअल आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये देतं, आणि हे एकक म्हणजे घरच्या माणसासाठी वरदान आहे. ५ किलोग्रॅम-मीटर म्हणजे बोल्टच्या मध्यापासून ५० सेंटिमीटर अंतरावर १० किलोची ओढ. २५ सेंटिमीटरवर २० किलो. बॅगा तोलायचा हुकाचा काटा घरात आहेच. पान्याला पाइप लावला, मध्यापासून ५० सेंटिमीटरवर खूण केली, तिथे दोरीचा फास, फासात हूक. ओढ पान्याला काटकोनात हवी. तिरपी ओढली तर काटा दाखवतो त्यापेक्षा बोल्टला कमी पोहोचतं. काटा खरा आहे का, तेही पाहिलं: रिकामी बादली तोलली, मग मापानं १० लिटर पाणी ओतून पुन्हा तोलली. फरक १० च्या अगदी जवळ. आपल्या कामापुरतं पुरे. लहान बोल्टांना हेच गणित आखूड पान्यावर: १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे २० सेंटिमीटरवर ५ किलो. लहान बोल्ट मोठ्या पान्यानं आवळून तोडणारेच जास्त असतात, असा बाबांचा चाळीस वर्षांचा अनुभव.

कॅमचं चाक त्याच फळी-पट्ट्यानं धरून काट्यावर आवळलं. नवा टेन्शनर आणि कमानी बसवली, बोल्ट अजून ढिले.

मग खुणा. कॅम एक दात पुढे घेऊन आतल्या कव्हरच्या खुणेसमोर आणला, आरशातून पाहत. खाली ठिपका समोर आहेच. बेल्टवर बाणाची दिशा असेल तर ती फिरण्याच्या दिशेनं.

बेल्ट चढवताना क्रम महत्त्वाचा. आधी क्रँकच्या चाकावर. मग टेन्शनर नसलेल्या बाजूनं वर नेत तो भाग ताठ ठेवायचा आणि तसाच कॅमच्या दातांवर बसवायचा. जो काही ढिलेपणा उरेल तो टेन्शनरच्या बाजूला यायला हवा, कारण तो खेचून घेणारा टेन्शनर आहे. ढील दुसऱ्या बाजूला राहिली तर वरवर खुणा जुळलेल्या दिसतात, आणि टेन्शनरनं ओढताच कॅम एक दात सरकतो. बहुतेक ठिकाणी दात असाच चुकतो असा माझा कयास.

बसवल्यावर कमानीला तिचं काम करू दिलं. टेन्शनरला पेचकसानं ढकलून "थोडा अजून" ताण द्यायचा मोह होतो, धाकट्याला झालाच. जास्त ताणलेला बेल्ट शिटी मारतो आणि बेअरिंग खातो. टेन्शनरचे बोल्ट ढिलेच ठेवून क्रँक पान्यानं दोन पूर्ण फेरे फिरवला. सावकाश. कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. अडकलं नाही. दोन फेऱ्यांत बेल्ट सगळीकडे सारखा बसतो आणि कमानी उरलेली ढील ओढून घेते. मग टेन्शनरचे बोल्ट काट्यावर आवळले.

सगळ्यांत लांब मोकळा भाग दोन बोटांत धरून पिळला: साधारण पाव फेरा पिळतो, त्यापुढे अडतो. हा अंदाजाचा नियम आहे, पण कमानीनं दिलेल्या ताणाला दुजोरा म्हणून बरा.

पुन्हा दोन फेरे. आरसा. खाली समोर, वर समोर. बाबांनी पाहिलं, धाकट्याला पाहायला लावलं, मग आईलाही बोलावलं. आईला खुणा म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणूनच तिला विचारलं, "हे दोन टोक समोरासमोर आहेत का?" ती म्हणाली, "हो, सरळ आहेत. आता तरी खाऊन घ्या." त्यानंतर व्हाइटनरच्या रेघा बेल्टवर आणि दोन्ही चाकांवर ओढल्या, पुढच्या वेळच्या माणसासाठी.

१० जून, सोमवार

संध्याकाळी वावटळ, अंगणभर धूळ आणि निंबोळ्या. इंजिनाचं तोंड जुन्या चादरीनं आणि वर प्लास्टिकनं झाकलं होतं म्हणून बरं. चादर उचलताना निंबोळ्या आत जाऊ नयेत म्हणून आधी झाडून घेतलं. काम नाही.

१५ जून, शनिवार

कव्हर, पुली, नवा फॅन बेल्ट, प्लग, सीटा. पुठ्ठ्यावर एकही बोल्ट उरला नाही. सीटा बसवण्याआधी इंजिन सुरू करायचं, नाहीतर काही निघालं तर पुन्हा काढा. बॅटरी जोडली. धाकट्यानं सेल्फ मारला आणि पहिल्या झटक्यात लागली. त्याला हे अपेक्षित नव्हतं, चेहऱ्यावर दिसलं. आवाज एकसारखा, शिटी नाही, खरखर नाही. पाच मिनिटं चालवून बंद केली, सीलच्या जागा टॉर्चनं पाहिल्या, कोरड्या.

संध्याकाळी वर्धा रोड. नागपूर सपाट आहे, चढ शोधायला पूल लागतो. अजनीपासून विमानतळाकडे जाणारा डबल डेकर पूल, वर मेट्रो, मधे आम्ही. लांबी ३.१४ किलोमीटर. लॅबमधल्या माणसाला हा पायचा (π) आकडा पाहून हसू येतंच. गाडीत सगळं घर आणि शेजारची पोरं, म्हणजे शाळेइतका भार. पुलाच्या चढावर धाकट्यानं सवयीनं गिअर खाली टाकायला हात नेला आणि तसाच ठेवला. गाडी वरच्या गिअरमध्येच चढली. तो काही बोलला नाही, आरशातून माझ्याकडे पाहिलं फक्त.

एव्हरेज किती सुधारलं ते एवढ्यात सांगता येणार नाही. टाकी भरून, किलोमीटर लिहून ठेवले आहेत.

२२ जून, शनिवार

आठवडाभर धाकट्यानं गाडी गावात फिरवली. आज कव्हर पुन्हा उघडून पाहिलं. हे कोणी करत नाही, पण बेल्ट नवा असताना एकदा पाहावं असं माझं मत आहे. रेघा जिथल्या तिथे. बेल्टच्या कडा सारख्या, एका बाजूला घासलेलं नाही, म्हणजे टेन्शनर सरळ बसला आहे. तेलाचा माग नाही.

कव्हरवर आतून ऑइल पेंटनं तारीख आणि किलोमीटर लिहिले, आणि खाली: "खुणा तपासून बसवला." धाकट्याला "ताईने बसवला" असं लिहायचं होतं, बाबांनी ब्रश काढून घेतला.

गल्लीतल्या आणखी एका व्हॅनवाल्यानं विचारलं, त्याचाही बेल्ट करून देता का. धाकटा हो म्हणून बसला. मी सांगितलं, आधी खुणा पाहू, मग ठरवू. फळी-पट्टा मोडायचा नाही, टांगून ठेवला आहे.

उरलेलं: रेडिएटरचा वरचा होज दाबला की कडकडतो, दिवाळीच्या सुट्टीत बदलायचा. क्लिप आधीच मोजून आणायच्या, घाट रोडवर मोठ्याच देतात.